सिलिंडर होनिंग: धुण्यात घाई नको
तुम्ही स्कूटरचे इंजिन प्रथमच खोलले आहे, म्हणून सांगतो: झिजलेला सिलिंडर होनिंगने (आतली भिंत बारीक घासदगडांनी हलकी घासण्याने) पुन्हा गोल होत नाही. आधी बोअर गेजने (बोअर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकाचा व्यास, मोजायच्या साधनाने) वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी एकमेकांस काटकोनात दोन मापे घ्यावीत; फरक कंपनीने दिलेल्या मर्यादेबाहेर असेल, तर कुर्ल्यात बोअरिंग करून (भोक यंत्रावर किंचित मोठे कापून) घेऊन ओव्हरसाइज, म्हणजे त्या मापाचा मोठा, पिस्टन बसवणे हाच मार्ग. निकासिलचा (निकेल व सिलिकॉन कार्बाइडचा कठीण) लेप असलेल्या सिलिंडरला साधा दगड लावूच नये.

ड्रिल संथ फिरवत, होन (ड्रिलला लावलेले दगडांचे अवजार) सतत वर-खाली नेत आणि तेल सोडत काम केले, की सुमारे 45 अंशांची जाळी उमटते, जिच्या बारीक चरांत तेल टिकते आणि पिस्टनच्या नव्या रिंगा नीट बसतात.

खरी गफलत धुण्यात होते. पेट्रोलने चरांतली दगडाची पूड निघत नाही. गरम पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि ब्रश घेऊन, आतून फिरवलेले पांढरे फडके पांढरेच राहीपर्यंत घासावे. मग सिलिंडर कोरडा करून लगेच तेल लावावे, कारण मुंबईच्या पावसाळी हवेत उघडे ओतीव लोखंड फार लवकर गंजते (माझा एक सिलिंडर मी जेवून येईपर्यंत तांबूस झाला होता). जोडणीपूर्वी प्रत्येक रिंग बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून तिच्या टोकांमधील फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) तपासावी.