भाऊ त्या सकाळी बांधावर

प्रिय चिनू,

बाबांना शस्त्रक्रियेसाठी आत नेले त्या रात्री मी दवाखान्याच्या बाकावर हात जोडून बसले होते, तेव्हा तू विचारलेस, "आई, तुझा स्वतःवर विश्वास नाही का?" मी गप्प राहिले, कारण प्रश्न मनाला लागला होता.

मी दहा वर्षांची असताना चोपड्याकडच्या आपल्या मळ्यात, निसवून कापणीला आलेली केळीची बाग जूनच्या वादळाने एका रात्रीत आडवी केली. दीड वर्ष पोटच्या पोरासारखी जपलेली झाडे घडांसकट चिखलात पडली होती. पहाटे भाऊ, म्हणजे तुझे भाऊआजोबा, बांधावर आले, टोपी काढून त्यांनी मुक्ताईच्या दिशेने हात जोडले, "ती से ना," म्हणजे ती आहे ना, एवढेच म्हणाले आणि विळा घेऊन, मिळेल त्या भावात विकता येतील असे घड निवडू लागले. मला फार राग आला. बाग राखली नाही तिला नमस्कार कशाला, असे मी मायला विचारले, तर तिने काही न बोलता माझ्या हाती पाटी दिली.

पुढे कळले की, परंपरा सांगते त्याप्रमाणे, मुक्ताई 1297 साली तापीकाठी विजेच्या कडकडाटातच गुप्त झाली. ज्या विजेला आम्ही पोरे भीत होतो, तिच्यात नाहीशी झालेल्या मुलीलाच आपला खानदेश आई म्हणतो. वादळ येऊ नये, असे भाऊंनी तिच्याकडे मागितलेले मी कधी ऐकले नाही.

तरीही गल्लीतल्या एका काकूंचा ताप अंगाऱ्याने उतरेल म्हणून घरच्यांनी तीन दिवस घालवले आणि काकू गेल्या, हे मी विसरलेले नाही. भाऊंचा विश्वास आणि तो विश्वास यांच्यात रेघ नेमकी कुठे ओढायची, हे मला अजून सांगता येत नाही.

त्या रात्री रुग्णवाहिका मीच बोलावली, कागदांवर सह्या केल्या, मला सुचतील ते सगळे प्रश्न डॉक्टरांना विचारले. दार बंद झाल्यावर मात्र माझ्याकडून होण्यासारखे काहीच उरले नव्हते, आणि तेव्हा हात आपोआप जुळले. तूही ते जोडावेस, असा माझा आग्रह नाही.

रविवारी भाऊआजोबांचा फोन येईल, तेव्हा त्या सकाळी बांधावर त्यांनी काय मागितले होते, ते तू विचार. इतक्या वर्षांत मला ते विचारणे झालेच नाही.

तुझी,
आई