अन्नोचं ‘चरित्र’ मागवलंत? आधी कोणतं ते विचारा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय. अकराव्या शतकातला, जर्मनीतल्या कोलोन शहराचा आर्चबिशप (मुख्य धर्माधिकारी) दुसरा अन्नो याच्यावर प्रबंध. एका पुस्तकात तो संत, दुसऱ्यात बालराजा चौथ्या हेन्रीला पळवून नेणारा सत्तालोभी. मार्गदर्शक म्हणतात ‘एक बाजू पक्की करा’. आणि आता तुम्ही अन्नोनंच स्थापलेल्या झीगबुर्गच्या मठात लिहिलेलं त्याचं लॅटिन चरित्र ग्रंथालयामार्फत मागवलंय. मी अगदी इथेच अडकले होते. सुरुवातीलाच सांगते, मी प्राध्यापक नाही, माझं लॅटिन कामापुरतं आहे आणि तुमच्या विद्यापीठाचे नियम वेगळे असू शकतात. तो १०५६ साली गादीवर कसा आला, हेन्रीची आई अ‍ॅग्नेस महाराणी कोण, बिशप राज्यकारभार का बघत, या गोष्टी तुम्हाला माहीत असणारच, त्यात शिरत नाही.

आधी त्या मागवलेल्या चरित्राचं बघा. झीगबुर्गला अन्नोची दोन चरित्रं लिहिली गेली. थोरलं साधारण ११०५ च्या सुमाराचं, त्याच्या मृत्यूनंतर तीसेक वर्षांनी लिहिलेलं. धाकटं ११८० च्या दशकातलं, म्हणजे ११८३ मध्ये त्याला संतपद मिळालं त्या काळातलं. दोन्हींना बोलताना नुसतं ‘अन्नोचं चरित्र’ म्हणतात. मी अर्जात साल घालून थोरलं मागितलं होतं. ज्या ग्रंथालयानं मागणी पुढे पाठवली (नाव घेत नाही) तिथून धाकट्याच्या छायाप्रती आल्या, त्याही मुखपृष्ठ आणि प्रस्तावना वगळून. मजकुरातले संदर्भ जुळेनात म्हणून मी पत्र लिहिलं, तर उत्तर आलं, ‘मागणीनुसार पुरवठा झाला आहे, प्रकरण बंद.’ पुन्हा नवा अर्ज, पुन्हा मार्गदर्शकांची सही, पुन्हा शुल्क. खिडकीवरच्या माणसाला दोन चरित्रांतला फरक माहीत नसेल हे मी समजू शकते. पण अर्ज समोर ठेवून त्यावरचं साल वाचायलाही कोणी तयार नव्हतं, याचा राग अजून गेलेला नाही. या फेऱ्यांत माझ्या प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण रखडलं. तुम्ही आजच लिहून विचारा: कोणतं चरित्र, कोणत्या सालची आवृत्ती, आणि प्रस्तावनेसकट की प्रस्तावनेविना. उत्तर लेखी घ्या. खरं तर बराचसा मजकूर ‘मोनुमेंटा गेर्मानिए हिस्टोरिका’ या मध्ययुगीन साधनांच्या संग्रहाच्या जुन्या खंडांत इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतो. तिथे आधी शोधा, मगच अर्ज भरा.

आता ‘संत की सत्तालोभी’ या प्रश्नाकडे येते. माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. स्तुती आणि निंदा यांची बेरीज करून मधला अन्नो काढू नका. स्तुती करणाऱ्याला काय लपवता आलं नाही, ते शोधा.

हर्सफेल्डच्या मठातला भिक्षू, त्या काळाचा इतिहास लिहिणारा लाम्पर्ट घ्या. अन्नोवर त्याची भक्ती होती आणि चौथ्या हेन्री राजाबद्दल मनात अढी. तरीही कोलोनचा १०७४ चा उठाव सगळ्यात सविस्तर त्यानंच लिहिलाय. ईस्टरला म्युन्स्टरचा बिशप पाहुणा म्हणून आला होता. त्याला परत पाठवण्यासाठी अन्नोच्या माणसांनी एका श्रीमंत व्यापाऱ्याचं जहाज ताब्यात घेतलं आणि आतला माल बाहेर काढायला लावला. व्यापाऱ्याचा तरुण मुलगा आडवा आला, गावात तो लाडका होता, आणि बघता बघता शहर पेटलं. लोक वाड्यावर चालून गेले. अन्नो अंधारात वेष पालटून निसटला, तोही तटात नुकत्याच काढलेल्या एका छोट्या दारातून. काही दिवसांत फौज घेऊन परतला. लाम्पर्ट म्हणतो, सहाशेहून जास्त व्यापारी रातोरात शहर सोडून राजाकडे गेले. (हा आकडा त्याचा आहे, तुम्ही स्वतःच्या नावावर छापू नका.) त्या मुलाचे आणि आणखी काही जणांचे डोळे काढले गेले.

इथेच लाम्पर्ट एक वाक्य लिहून जातो: अन्नोत सगळे सद्गुण होते, पण एक दोष होता, सुंदर अंगावरच्या बारीकशा तिळाएवढा, संतापला की जिभेवर ताबा राहत नसे. डोळे काढल्याची हकीकत सांगणारा हाच माणूस दोष मात्र जिभेचा सांगतो! तुमच्या प्रबंधाचा गाभा मला या जागी दिसतो. त्यापुढे त्यानं अन्नोचं एक स्वप्नही दिलंय. स्वर्गात बिशपांची सभा भरलीय, अन्नोसाठी आसन रिकामं आहे, पण त्याच्या शुभ्र वस्त्रावर छातीपाशी डाग आहे. वर्म्सचा दिवंगत बिशप आर्नोल्ड त्याला सांगतो, आधी हा डाग धुऊन ये. डाग म्हणजे कोलोनकरांवरचा राग. मग १०७५ च्या ईस्टरला अन्नो त्यांना माफ करतो, आणि त्याच वर्षी ४ डिसेंबरला मरण पावतो. हे स्वप्न ‘अन्नोलीड’ या अन्नोची थोरवी गाणाऱ्या जुन्या जर्मन काव्यातही आहे. म्हणजे त्याला संत ठरवायला निघालेल्यांनाही तो डाग गाळता आला नाही, स्वर्गाच्या दारापर्यंत सोबत न्यावा लागला. (जाता जाता: ‘अन्नोलीड’चं हस्तलिखित हरवलंय, कवी मार्टिन ओपिट्सनं १६३९ मध्ये छापलं म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं. तळटीप तशीच द्या.)

विरोधकांकडे उलट बाजूनं जा. ब्रेमेनचा आडाम हा अन्नोच्या प्रतिस्पर्ध्याच्या, आर्चबिशप आडालबेर्टच्या दरबारातला लेखक. तो अन्नोवरचा लोभीपणाचा आरोप सांगतो, पण जमवलेलं सगळं अन्नोनं आपलं चर्च सजवण्यात घातलं हेही सांगतो. नात्यागोत्यातल्या माणसांना बिशपांच्या गाद्या दिल्याचंही तो मोजून दाखवतो: भाऊ वेर्नर माग्डेबुर्गला, भाचा बुर्कहार्ड हाल्बरश्टाटला. दुसरा भाचा कोनराड याला १०६६ मध्ये त्रिएरची गादी दिली, तर तिथल्या लोकांनी त्याला वाटेतच पकडून मारलं.

ऱ्हाइनकाठच्या कायझर्सव्हेर्टचं, बालराजाचं अपहरण मुद्दाम शेवटी ठेवलंय. १०६२ मध्ये अन्नोनं ११ वर्षांच्या हेन्रीला सजवलेलं जहाज दाखवायला नेलं, वल्ही सपासप चालू लागली, पोरानं घाबरून ऱ्हाइनमध्ये उडी घेतली, काउंट एकबेर्टनं मागून उडी मारून त्याला वाचवलं. प्रसंग नाट्यमय आहे, म्हणून सगळे त्यानंच सुरुवात करतात. तुम्ही करू नका. एकदा ते दृश्य आधी आलं की वाचक पुढचं प्रत्येक पान त्याच चष्म्यातून बघतो. त्याऐवजी माल्मेदीच्या भांडणापासून सुरू करा. स्टावलो आणि माल्मेदी हे आजच्या बेल्जियममधले, एकाच मठाधिपतीखालचे जोडमठ. १०६५ मध्ये माल्मेदी अन्नोच्या हाती गेलं. स्टावलोचे भिक्षू वर्षानुवर्षं दाद मागत राहिले. शेवटी १०७१ मध्ये त्यांनी आपल्या संत रेमाक्लुसच्या अस्थी उचलून थेट लिएजला नेल्या आणि राजा जेवत होता त्या टेबलावर ठेवल्या. माल्मेदी परत मिळालं. हा वृत्तांत स्टावलोच्या लोकांनी स्वतः लिहून ठेवलाय, आणि त्यात अन्नो ना राक्षस आहे ना संत. हातातला मठ न सोडणारा एक जबरदस्त माणूस आहे. त्यानं झीगबुर्गचा मठ स्थापन केला, इटलीतल्या फ्रुत्तुआरियाहून कडक शिस्तीचे भिक्षू आणले, ते याच वर्षांतलं. दोन्ही गोष्टी एकाच पानावर ठेवा.

मार्गदर्शकांना तोंडावर नाही म्हणू नका. ‘बाजू’ हा शब्द धरूनच सांगा की प्रत्येक लेखकाची बाजू कोणती आणि त्यानं कोणासाठी लिहिलं, हाच प्रबंधाचा विषय आहे. बहुतेक जण एवढ्यावर मानतात. तुमचे सर कसे आहेत ते तुम्हालाच ठाऊक.

लाम्पर्टचा १०७४ चा भाग स्वतः मराठीत उतरवून बघा आणि इथेच टाका. होल्डर-एग्गरनं संपादित केलेली लाम्पर्टची १८९४ ची आवृत्ती माझ्याकडे आहे, तिच्याशी ओळीला ओळ लावून बघून देईन. आणि ग्रंथालयाकडून काय उत्तर येतं तेही कळवा.