विधान परिषद विधेयक अडवू शकते का?

प्रश्न : विधानसभेने मंजूर केलेले विधेयक विधान परिषदेने फेटाळले, तर ते रद्द होते का?

उत्तर : नाही. महाराष्ट्रात विधानसभेचे 288 आणि परिषदेचे 78 सदस्य असले, तरी अखेरचा शब्द थेट निवडून आलेल्या विधानसभेचाच असतो. परिषदेने साधे विधेयक फेटाळले किंवा तीन महिने रोखून धरले, तर विधानसभा ते पुन्हा मंजूर करून पाठवू शकते. मग परिषदेच्या हाती एकच महिना उरतो, आणि संसदेसारखी संयुक्त बैठकीची सोय राज्यात नसल्याने ते दोन्ही सभागृहांनी संमत केल्याचे मानून राज्यपालांकडे जाते. धन विधेयकावर, म्हणजे कर किंवा सरकारी खर्चासारख्या पैशांच्या बाबींवरील विधेयकावर, तर शिफारशींसाठी फक्त 14 दिवस मिळतात. तरीही परिषदेला निरुपयोगी म्हणणे मला मुळीच पटत नाही. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे याच सभागृहाचे सभापती होते.