नागोयाला येताय आणि मातीकाम सोडायचं नाहीये? मग हे वाचा

ताई, मिस्टरांची बदली नागोयाला होतेय, पुण्यात तुम्ही चाकावर मातीकाम करता, ते इकडे चालू ठेवता येईल का आणि घरातल्या रीती किती जड जातात असं विचारलंत. मी इथेच राहते म्हणून जरा सविस्तर सांगते.

मातीकामासाठी याहून चांगली जागा मिळणार नाही. जपानमधली जी सहा जुनी कुंभारगावं मानतात त्यातली सेतो आणि तोकोनामे ही दोन आपल्या आइची प्रांतातच आहेत. तोकोनामे मेइतेत्सु ट्रेनने अर्धा-पाऊण तास. तिथे टेकडीच्या उतारावर बांधलेली १८८७ ची भट्टी आहे, दहा धुराडी, १९७४ पर्यंत पेटायची. ती बघाच, पण माझा जीव जडलाय तो क्यूसूवर, म्हणजे लाल मातीची छोटी चहाची किटली, जिची दांडी तोटीला काटकोनात असते त्यामुळे मनगट नुसतं वळवलं की चहा पडतो. भांडं, तोटी, दांडी, गाळणी सगळं वेगवेगळं करून जोडतात आणि भाजल्यावर झाकण भांड्यावर घासून घासून बसवतात, आतून ग्लेझ (काचेसारखा लेप) नसतं, तो लाल रंग मातीतल्या लोहाचा. तिसरे यामादा जोझान (हे नाव लावणारे तिसरे कुंभार) यांना १९९८ मध्ये सरकारने याच कामासाठी राष्ट्रीय मान दिला. एक घ्या आणि रोज वापरा, शोकेसमध्ये ठेवू नका प्लीज. साबण लावायचा नाही, नुसत्या गरम पाण्याने धुवायची, सेंचाला (जपानी हिरव्या चहाला) पाणी ७०-८० डिग्रीचं, आणि आपला आल्याचा चहा त्यात अजिबात नको, वास धरते.

इलेक्ट्रिक चाक आणि मिक्सर तिकडून आणू नका, इथे १०० व्होल्ट आहे. वर्कशॉपमध्ये चाक मिळतं. हिरागाना-काताकाना या जपानी लिप्या मात्र शिकूनच या, बाकी वर्कशॉपमधले सर हात धरून दाखवतात.

घराचं म्हणाल तर, चपला दारातच, ततामीवर (गवताच्या चटईच्या जमिनीवर) स्लीपरसुद्धा नाही. कचऱ्याला महापालिकेच्या ठरलेल्या पिशव्या, वार ठरलेले, फुटलेलं मातीचं भांडं न जळणाऱ्या कचऱ्यात. शेजाऱ्यांना छोटा टॉवेल वगैरे देऊन ओळख करून घ्या, फार फरक पडतो. व्हेज असाल तर सूप बघून घ्या, बहुतेकात माशाचा दाशी (सूपचं मूळ पाणी) असतो, घरी कोंबूचा, म्हणजे समुद्री शेवाळाचा करता येतो.

घर मिळालं की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवायचा. घर बघताना कानायामा स्टेशनच्या आसपास मिळालं तर उत्तम, तोकोनामेची ट्रेन तिथेही मिळते. मिस्टरांचं ऑफिस कुठल्या भागात आहे ते कळवा, मग नीट सांगते.