आबांना गोठ्यात नेण्याआधी

ताई, लकव्यानंतर आबांना गोठ्यात बसवायचं ठरवलंत, फार बरं वाटलं. पण बैलापासून सुरुवात नको, गरीब शेळी निवडा. ती लकव्याच्या बाजूला उभी करा, म्हणजे आबांची नजर तिकडे वळेल. चांगल्या हाताचा आधार देत दुबळा हात तिच्या पाठीवरून मानेकडून शेपटीकडे फिरवू द्या. अशी हालचाल पुन्हा पुन्हा झाली की मेंदू नवी वाट धरतो, घाई करू नका. दावं मात्र त्या मनगटाला कधीच गुंडाळायचं नाही. शेळीने हिसका दिला तर ढिला खांदा निखळतो. आपल्या जळगावच्या उन्हात सकाळी लवकरच जा, जमीन आधी कोरडी करा. नंतर साबणाने हात धुवा. फिजिओथेरपी, बीपीच्या गोळ्या चालूच ठेवा.