जिन्यावरचं गेट, भिंतीतली गिट्टी आणि आजोबांचा गुडघा

प्रश्न : आमचं नागपुरात मानेवाड्याला डुप्लेक्स आहे. मुलगा दहा महिन्यांचा, रांगून रांगून पूर्ण घर पालथं घालून राहिला आणि आता पायऱ्यांकडे धाव घेतो. ह्यांनी ऑनलाइन सेफ्टी गेट मागवलं, भिंतीला भोक न पाडता दोन्हीकडून स्क्रू फिरवून ताणून बसवायचं असतं ते, आणि वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी लावलं. पंधरा दिवस बरं चाललं. परवा सासऱ्यांनी उतरताना आधाराला धरलं तर अख्खं गेट पायऱ्यांकडे सरकलं, नशीब बाळ झोपलेलं होतं. सासरे म्हणतात काढून टाका, आमच्या वेळी पाट आडवा लावत होतो, पोट्टे वाढलेच ना. आता काय करू?

उत्तर : ताई, पहिले ते गेट आजच वरून काढा. गेट वाईट आहे असं नाही, जागा चुकली. हे ताणाचं गेट फक्त रबराच्या चार टोप्यांनी भिंतीला दाबून उभं असतं, पोरगं रोज दांड्या धरून हलवतं तसा ताण सैल होत जातो, आणि आपल्याकडे भिंतीवर डिस्टेंपर किंवा पुट्टी असते त्यावर रबर घसरतंच. दुसरं म्हणजे अशा गेटला खालून एक आडवी पट्टी असते, दार उघडलं तरी ती पायात येते. जिन्याच्या वरच्या टोकाला कडेवर पोरगं घेऊन ती ओलांडायची म्हणजे काय ते तुम्हीच समजा. हेच गेट जिन्याच्या खाली नाहीतर स्वयंपाकघराच्या दारात लावा, तिथे चांगलं काम देईल.

वर मात्र भिंतीत स्क्रूने बसणारंच गेट पाहिजे, आणि ते जिन्यावर नाही, तुमच्या बाजूला म्हणजे लॅंडिंगकडे उघडलं पाहिजे. मी स्वतः पुतण्यासाठी पहिल्यांदा गेट लावलं तेव्हा उलटं लावलं होतं, वहिनी खालून कपड्यांची बादली घेऊन वर आली आणि गेट तिच्याच अंगावर उघडलं, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दांड्यांमधली फट सव्वादोन इंचापेक्षा जास्त नको, खाली जमिनीपासून दोन इंचांच्या आत, आणि उंची पोराच्या उंचीच्या पाऊणपट तरी हवी.

आता भिंत. ड्रिल मारण्याआधी स्विचबोर्ड कुठे आहे ते बघा, जिन्याच्या लाइटचा बोर्ड नेमका तिथेच असतो आणि त्याची वायर साधारण सरळ वर किंवा सरळ खाली गेलेली असते, त्या रेषेत भोक नाही. मग भुकटीचा रंग पाहायचा. लाल आली तर वीट, निवांत राहा. आधी करडी आली नि मग लाल, तर वरचं प्लास्टर ओलांडून विटेत गेलात, तेच हवं, कारण गिट्टी, म्हणजे स्क्रू पकडायला भोकात ठोकतात तो प्लास्टिकचा प्लग, नुसत्या प्लास्टरमध्ये राहिली तर महिनाभरात स्क्रूसकट हातात येते. आणि पांढरी, पिठासारखी भुकटी भसाभसा गळायला लागली तर तो हलका ब्लॉक आहे, नवीन स्कीममध्ये सर्रास असतो. तिथे ड्रिलचं हॅमर बंद करा आणि साधी गिट्टी वापरू नका, ती आतल्या आत गोल फिरते. हलक्या ब्लॉकसाठी वेगळी लांब गिट्टी मिळते, हार्डवेअरवाल्याला ब्लॉकची भिंत आहे असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो नेहमीचीच पुडी बांधून देईल. साध्या विटेला आठ एमएमची गिट्टी नि दोन इंची स्क्रू पुरतो. महाल भागातल्या वगैरे जुन्या मातीच्या भिंतींच्या घरात भिंतीच्या नादी लागूच नका, लाकडी खांबात नाहीतर चौकटीत थेट स्क्रू मारा.

आणखी एक भानगड स्कर्टिंगची. खालची टाइल भिंतीबाहेर अर्धा इंच आलेली असते, म्हणून गेट खाली अडतं आणि वर फट राहते. वरच्या बिजागरीमागे तेवढ्याच जाडीची लाकडाची पट्टी टाकली की झालं. पण डुप्लेक्समध्ये बहुतेक एका बाजूला भिंत असते नि दुसऱ्या बाजूला स्टीलचं गोल रेलिंग. त्या पाइपला भोक पाडू नका. सागवानाची दोन इंची पट्टी उभी घ्या, वर नि खाली यू-क्लॅम्पने पाइपला आवळा, मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला म्हणजे पट्टी फिरत नाही. गेटची कडी त्या पट्टीवर.

वेल्डिंगवाल्याकडून बनवून घेणार असाल तर दांड्या उभ्याच टाकायला सांगा, तो डिझाइन म्हणून मध्ये आडव्या टाकून देतो आणि मग गेट नाही राहत, पोराला शिडी होते.

राहिले सासरे. पाटाचं त्यांचं खोटं नाही, पण पाट उंबऱ्यावर असायचा, चौदा पायऱ्यांच्या तोंडावर नाही. आणि माझा अंदाज सांगू, त्यांना कडी उघडायचा कंटाळा आहे, ते वरून पाय टाकून जात असतील. गुडघे दुखणारा माणूस आणि गेट ओलांडणं, हे पोरापेक्षा जास्त भीतीचं आहे. एका हाताने उघडणारी कडी घ्या, विकत घेण्याआधी त्यांच्याच हातात देऊन बघा. आणि आधाराला भिंतीवर वेगळा हॅंडल ठोकून द्या, गेट धरायचं नाही म्हणावं.

प्रश्न : आम्ही भाड्याने राहतो, मालक खिळासुद्धा ठोकू देत नाही. स्वयंपाकघर आणि बाथरूमकडे मुलगी जाऊ नये म्हणून काय करता येईल?

उत्तर : सपाट जागेवर ताणाचं गेट चालतं, बिनधास्त लावा. रोज सकाळी एकदा हलवून बघा, सैल वाटलं तर फिरवून घट्ट करा. चौकट लाकडी असेल तर फार जोर लावू नका, पॉलिशवर वळ उठतात आणि मालक डिपॉझिटमधून कापतो. बाथरूमला मात्र गेटपेक्षा बाहेरून कडी बरी, आणि बादली रिकामी करून पालथी घाला. लहान लेकरू तोंडावर पडलं तर चार बोटं पाणीही जिवावर येतं.

प्रश्न : उन्हाळ्यात कूलरपुढे हेच गेट लावलं तर चालेल का? मुलगा जाळीत बोटं घालतो.

उत्तर : चालेल, पण लाकडी किंवा प्लास्टिकचं लावा आणि कूलरपासून हातभर लांब ठेवा म्हणजे हात जाळीपर्यंत पोचणार नाही. कूलरच्या टाकीत पाणी असतं नि त्यात पंप, म्हणून गेटच्या आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंग तपासून घ्या आणि बोर्डात तीस मिलिअँपचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइट तोडणारा स्विच, आहे का ते विचारा. नसेल तर गेटचे पैसे आधी तिकडे लावा.

प्रश्न : गेट काढायचं कधी?

उत्तर : साधारण दोन वर्षांपर्यंत. पण त्याआधी एखाद्या दिवशी पोरगं गेटवर पोट टेकवून पलीकडे पाय टाकताना दिसलं किंवा कडी स्वतः उघडायला लागलं तर त्याच दिवशी काढा, कारण आता ते गेटच्या उंचीवरून पडेल. स्क्रू नि गिट्ट्या एका डब्यात टाकून ठेवा, दुसऱ्याच्या वेळी शोधत बसावं लागत नाही.