‘असेल’ आणि ‘असावा’

प्रश्न : ‘तो घरी असेल’ आणि ‘तो घरी असावा’ या दोन्ही वाक्यांतून अनिश्चितताच व्यक्त होते, मग त्यांत खरोखर काही फरक आहे का? फ्रेंचसारख्या भाषांत शंकेसाठी क्रियापदाचे वेगळे रूप असते, तसे मराठीत का नाही?

उत्तर : फरक आहे, मात्र तो खात्री किती आहे याचा नसून ती कशाच्या आधारावर आहे, याचा आहे. खिडकीत दिवा दिसला की आपण ‘तो घरी असावा’ असे म्हणतो, कारण समोरच्या खुणेवरून आपण अनुमान काढलेले असते. ‘असेल’ला अशी खूण लागत नाही, सवयीने बांधलेला अंदाज त्यात बसतो आणि ‘असेल, मला काय त्याचे?’ ही बेफिकिरीही बसते. तिथे ‘असावा’ घालून पाहा, वाक्य लगेच खटकते. (बोलण्यात ही सीमा पुष्कळदा पुसट होते, हे मान्य.)

‘असावा’ हे विध्यर्थाचे रूप, आणि इच्छा, कर्तव्य, योग्यता, शक्यता असे सारे अर्थ मराठीने विध्यर्थावरच सोपवले आहेत. त्यामुळे ‘नवा संपादक अनुभवी असावा’ हे वाक्य नेमणुकीपूर्वी अपेक्षा ठरते आणि त्याचा पहिला अंक वाचल्यावर अनुमान. म्हणजे रूप आहे, पण ते केवळ शंकेसाठी राखलेले नाही. तसे ते फ्रेंचमध्येही नाही : ‘तो येईल असे मला वाटत नाही’ आणि ‘तो यावा अशी माझी इच्छा आहे’ या दोन्ही वाक्यांत तिथे येण्याच्या क्रियापदाचे एकच रूप येते.

शंका आणि ऐकीव माहिती यांची गल्लत मात्र करू नये. जर्मनमध्ये ‘एर इस्ट क्रांक’ म्हणजे तो आजारी आहे. ‘एर झाय क्रांक’ म्हणजे तो आजारी असल्याचे कोणी सांगितले आहे, आणि हे वाक्य बोलणारा त्याची हमीही देत नाही, त्यावर अविश्वासही दाखवत नाही. तुर्कीत ‘गेल्दी’ म्हणजे तो आला, तर ‘गेल्मिश’ म्हणजे तो आल्याचे कळले किंवा खुणांवरून जाणवले. पाणिनीनेही ‘परोक्षे लिट्’ या सूत्राने वक्त्याने स्वतः न पाहिलेल्या भूतकाळासाठी वेगळे रूप सांगितले. मग स्वतःचीच कृती परोक्ष कशी असेल, असा पेच वैयाकरणांना पडला आणि त्यांनी उदाहरण दिले : ‘सुप्तोऽहं किल विललाप’. त्यातल्या ‘किल’ला मराठीत चपखल शब्द आहे : ‘झोपेत मी बडबडलो म्हणे.’